मदत हवी आहे: मानसशास्त्र आणि मानवी जीवशास्त्र एकत्र शिकावं का?

नमस्कार मंडळी. पदवीसाठी हे दोन्ही विषय एकत्र घ्यायचं जवळजवळ ठरवलंय, पण पाऊल उचलण्याआधी अनुभवी लोकांशी बोलायचं आहे.

ओढ लागली ती हेन्री मोलेसन या रुग्णाबद्दल वाचून. अपस्मार थांबावा म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा) बराचसा हिस्सा काढला. त्यानंतर नव्या आठवणी टिकेनात. तरीही आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्यांना आठवत नसे! म्हणजे स्मृती एकच गोष्ट नाही. मन समजायचं तर शरीर टाळून चालणार नाही, असं तेव्हापासून वाटतं.

दोन्ही शाखा शिकलेल्यांनी कृपया सांगा: शिकवताना त्या खरंच जोडल्या जातात, की आपल्यालाच जोडाव्या लागतात? पुढे समुपदेशन किंवा चिकित्सा मानसशास्त्राकडे वळायचं तर मानसशास्त्राचे तास कमी पडतात का? संख्याशास्त्राची मला खरी धास्ती आहे (रसायनशास्त्र जमतं), त्याची तयारी कुठून सुरू करू? अर्ज भरायला थोडेच दिवस उरलेत.