‘काहीही’ म्हणजे नानिमो की नान्देमो?

सांडगे:
रविवारी सकाळी दहा-बारा जणांना जपानीची धुळाक्षरं शिकवते. इंग्रजी टिपा वाचून मुलं आधी मनात इंग्रजी करतात, मग जपानी, म्हणून यंदा मराठीतच टिपण करायला घेतलं. दारे कोण, नानि काय, दोको कुठे, इत्सु कधी. इथवर ठीक. पुढे लिहिलं, ‘का’ लावला की आपला ‘तरी’, ‘मो’ लावला की आपला ‘ही’. दारेका कोणीतरी, दारेमो कोणीही. स्वतःवर खूश होते.

गृहपाठ आला. ‘मी काहीही खातो’चं एकाने ‘नानिमो ताबेमासु’ केलं. हवं होतं नान्देमो. नानिमो आलं की क्रियापद नकारार्थीच लागतं: नानिमो ताबेमासेन, काहीही खात नाही. दुसरीने ‘कधीही जात नाही’ला ‘इत्सुमो इकिमासेन’ लिहिलं. इत्सुमो म्हणजे नेहमी! चूक त्यांची नाही, माझ्या ‘ही’ची. नानिमो आणि नान्देमो यांना दोन वेगळे मराठी शब्द सुचवा. पुढच्या रविवारी टिपण वाटायचंय.

घाटाखालचा:
सोपं आहे. नानिमो ‘काहीच’, नान्देमो ‘काहीही’. दारेमो ‘कोणीच’, दारेदेमो ‘कोणीही’. ‘काहीच’ म्हटलं की पुढे ‘नाही’ येणार हे मराठी कानाला आधीच कळतं.

सांडगे:
हे आवडलं. पण इत्सुमोला ‘कधीच’ होत नाही. ‘दोकोमो’सुद्धा ‘सगळीकडे गर्दी’ अशा होकारी वाक्यात चालतं. ‘कधीच गेलो नाही’ला इचिदोमो म्हणतात. इचिदो एकदा, मो ही. एकदाही! इथे माझा ‘ही’ चपखल बसतो, नेमका जिथे मी लिहिला नव्हता तिथे.

शुद्धमती:
शब्द सुचवण्याआधी संज्ञा नीट करा. ‘लावला’ म्हणजे काय लावलं? प्रत्यय की शब्दयोगी अव्यय? १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं, अजून आपण ‘हे लावा, ते चिकटवा’वरच.

सांडगे:
जपानीत त्यांना ‘जोशी’ म्हणतात. थट्टा नाही. ‘जो’ म्हणजे साहाय्य, ‘शि’ म्हणजे शब्द. दर बॅचला एकतरी जोशी आडनाव निघतं आणि अर्धा तास जातो.

तांबडापांढरा:
आमच्याकडं एकच शब्द, कायबी. कायबी खातो, कायबी खात न्हाई. कुणाचं कायबी अडत न्हाई.

शुद्धमती:
तो ‘बी’ हिंदीतल्या ‘भी’चा. मराठीत ‘ही’ असताना कशाला?

तांबडापांढरा:
माझी आज्जी हिंदी पिक्चर न बघता कायबी म्हणायची. हिंदीतला ‘भी’ तरी कुठनं आला? ‘अपि’तनंच ना? मग आमचा बी सरळ तिथनं आला असंल.

पडवळ:
संस्कृत निघालंच आहे म्हणून. तिथेही डबे वेगळे नाहीत: कश्चित्, कोऽपि, कश्चन, तिन्ही ‘कोणीतरी’च, आणि ‘न’ आला की तिन्ही ‘कोणीही नाही’. आणि विभक्ती आधी लागते, चित् नंतर. केनचित्, कस्मैचित्. मराठीत तेच, कोणा-ला-तरी. ‘कोणीतरीला’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

सांडगे:
पडवळकाका, दुसरी चूक हीच! ‘कोणालाही देत नाही’चं दारे-नि-मो मुलांना लगेच येतं, कारण क्रम आपलाच आहे, कोणा-ला-ही. ‘कोणालाही देईन’चं दारे-नि-देमोही येतं. पण ‘कोणालातरी दिलं’चं वर्गातल्या निम्म्यांनी दारे-नि-का केलं. जपानीत दारेका-नि. ‘का’ आधी चिकटतो, मग ‘नि’. इंग्रजी टिपांत ही चूक कुठे दाखवलेली नाही, मराठी माणसाचीच असावी.

पडवळ:
जुन्या जपानीत तुमच्या मुलांसारखंच होतं. ‘नानि ओ का इवान या’ हा वाक्प्रचार अजून आहे, ‘बोलायचं तरी काय’. त्यात कर्माचा ‘ओ’ आधी, ‘का’ नंतर.

सांडगे:
तो ‘का’ प्रश्नाचा, ‘तरी’चा नाही. मुलांना हे सांगितलं तर तीच सबब पुढे करतील.

निप्पॉनरिटर्न:
‘नान्दे’ टिपणात घ्याच. ओसाकात नवा होतो, ऑफिसात एकाने विचारलं, ‘नान्दे किमाशिता का?’ मी पाच मिनिटं कंपनीने मला का पाठवलं ते सांगत होतो. त्याला फक्त ट्रेनने की बसने एवढंच हवं होतं. नान्दे म्हणजे ‘का’ही आणि ‘कशाने’ही. ‘नानि दे’ म्हटलं असतं तर घोटाळा नव्हता. बरं, आपल्याकडेही ‘कशाने आलात’ आणि ‘कशाला आलात’ यांत एकाच अक्षराचा फरक, आणि दुसरं पाहुण्याला विचारता येत नाही.

घाटाखालचा:
मला वाटतं आधी वा आणि गा हे कर्त्यामागे येणारे दोन जोशी शिकवा. ‘कोण आलं?’ला ‘दारे वा किमाशिता का’ चूक, ‘दारे गा’ बरोबर, उत्तरातही गा. वा म्हणजे आपला ‘तर’. ‘चहा तर झाला’ चालतं, ‘कोण तर आलं’ चालत नाही. जे माहीतच नाही त्याला ‘तर’ कसा लागेल?

तांबडापांढरा:
चालत न्हाई कसं? ‘दारात कोण तर आलंय, बघ जा.’ रोज म्हणतो.

घाटाखालचा:
तो ‘कोणीतरी’ झाला, दारेका. माझा मुद्दा वेगळा आहे.

सांडगे:
वा म्हणजे ‘तर’ मी एकदा सांगून पाहिलंय. ‘वाताशि वा’ला सगळे ‘मी तर शिक्षक आहे’, ‘मी तर पुण्याची आहे’ म्हणायला लागले. वर्ग भांडायला उठल्यासारखा वाटत होता.

शुद्धमती:
‘कोण तर’ हे ‘कोणीतरी’चं अशुद्ध रूप आहे.

तांबडापांढरा:
‘तरी’ म्हणजे ‘तर’ला ‘ही’ जोडून झालंय असं आमचे मास्तर सांगायचे. मग मूळचा ‘तर’ अशुद्ध आणि जोडलेला शुद्ध व्हय?

पडवळ:
‘तर’ हा ‘तर्हि’वरून, त्यामुळे

शुद्धमती:
तेच तर मी म्हणतेय!

सांडगे:
नानिमोपुढे सध्या ‘काहीच’ लिहिते. इत्सुमोपुढची जागा रिकामी आहे. कोणी आहे का?

तांबडापांढरा:
कोण तर येईल.