मदत हवी आहे: कंपनी लीजच्या गाडीचा क्लच गेलाय, खर्च कोणी करायचा?

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे पण अर्धवट सांगितलं तर कोणालाच नीट कळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

मी सिंहगड रोडला राहते, ऑफिस हिंजवडी फेज ३. ३२ महिन्यांपूर्वी कंपनीच्या कार लीज स्कीममधून गाडी घेतली, पेट्रोल मॅन्युअल, ४८ महिन्यांचं लीज, एकूण ८०,००० किमीची मर्यादा. आरसी लीजिंग कंपनीच्या नावावर, हप्ता दर महिन्याला माझ्या सीटीसीतून (पगाराच्या पॅकेजमधून) कापला जातो आणि त्यात २,१५० रुपये 'मेंटेनन्स' म्हणून वेगळे दाखवतात. गाडी घेताना एचआरने सांगितलं होतं की सर्व्हिसिंग, इन्शुरन्स सगळं त्यात आलं, तुम्ही फक्त पेट्रोल टाका. मी विश्वास ठेवला आणि सही केली.

मागच्या महिन्यात आईबाबांना घेऊन साताऱ्याला जात होतो, खंबाटकी घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर जायचा पण गाडी काही वेग घेईना, आणि करपल्यासारखा वास. बाबा घाबरले, मीही घाबरले, कशीबशी घाट चढून आलो. परत आल्यावर ऑथोराइज्ड वर्कशॉपला दाखवली तर म्हणे क्लच संपलाय, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं बदलावं लागेल, एस्टिमेट १७,८०० रुपये. गाडी ३८,६०० किमी चाललीय फक्त.

मी लीजिंग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर दोन दिवसांनी मेल आला की जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) 'ड्रायव्हिंग हॅबिट' असं लिहिलंय म्हणून हे कव्हर होत नाही, शिवाय तुमची २०,००० ची सर्व्हिस २१,३५० ला झालीय म्हणजे शेड्यूल चुकलंय, त्यामुळे खर्च तुमचा. आता ती सर्व्हिस उशिरा का झाली तर पिकअपचा स्लॉटच मिळत नव्हता, तीन आठवडे मी त्यांच्याच ॲपवर रोज बघत होते, त्याचे स्क्रीनशॉट मात्र माझ्याकडे नाहीत. आणि सर्व्हिस उशिरा झाल्याने इंजिन ऑइलचं काही झालं असतं तर समजू शकते पण क्लचचा त्याच्याशी काय संबंध?

मला विचारायचंय ते असं की
क्लच हे मेंटेनन्समध्ये येतं का? वर्कशॉपने 'हॅबिट' लिहिलं की तोच शेवटचा शब्द का? आणि मी आत्ता पैसे भरून गाडी सोडवली तर मी चूक कबूल केल्यासारखं होईल का?

१७,८०० रुपये मोठी रक्कम आहे माझ्यासाठी, पण त्याहून जास्त त्रास याचा होतोय की ३२ महिने मी २,१५० भरतेय, म्हणजे ६८,८०० झाले, आणि त्यात नक्की काय येतं हा कागद मला एकदाही कोणी दाखवला नाही.

*

प्रतिसाद १

ताई, मी आठ वर्षं एका कंपनीत ॲडमिनला होतो, गाड्यांचं लीज मीच बघायचो. तुमच्या केसमध्ये तीन वेगवेगळे कागद असणार. एक मास्टर लीज ॲग्रीमेंट, ते तुमची कंपनी आणि लीजिंग कंपनी यांच्यात असतं, तुम्ही त्यात कुठेच नाही. दुसरं तुमच्या गाडीपुरतं शेड्यूल, त्यात हप्ता, किमी, मुदत आणि मेंटेनन्सचं ॲनेक्शर, म्हणजे कराराला जोडलेली यादी. तिसरं म्हणजे तुम्ही सही केलेलं डिक्लरेशन, जे तुमच्या आणि तुमच्या कंपनीच्या मधलं आहे.

म्हणजे तुम्ही हेल्पलाइनशी भांडून उपयोग नाही, कारण त्यांचा ग्राहक तुम्ही नाही, तुमची कंपनी आहे. मेल एचआर किंवा ॲडमिनला करा आणि त्यांच्याकडून ॲनेक्शर मागा, तोंडी नको, पीडीएफच मागा. त्यात दोन प्रकारच्या ओळी असतात. एक शेड्यूल्ड सर्व्हिस, म्हणजे ऑइल, फिल्टर, कूलंट, स्पार्क प्लग वगैरे ठरलेल्या किमीला. दुसरी वेअर अँड टेअर, म्हणजे ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, टायर, क्लच. ही दुसरी यादी प्रत्येक करारात वेगळी असते, कोणी टायर चार देतं, कोणी एकही नाही, क्लच कोणी देतं कोणी वगळतं. लीजला 'मेंटेनन्ससहित' म्हटलं की सगळं आलं असं धरून चालू नका, आमच्याकडेही निम्मे लोक तेच समजायचे आणि आम्ही ॲडमिनवाले समजावून सांगायला कमी पडायचो हे मान्य करतो.

पैसे भरायचेच झाले तर भरण्याआधी मेल टाका की 'माझी हरकत कायम ठेवून भरतेय'. बिल मात्र तुमच्या नावाने बनवून घेऊ नका, आरसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने नेहमी जसं बनतं तसंच बनू दे, पेमेंट तुमच्या खात्यातून गेल्याची पावती वेगळी ठेवा.

*

प्रतिसाद २

मी स्वतः वर्कशॉप फ्लोअरवर काम केलंय म्हणून सांगतो, गिअरबॉक्स उतरवून क्लच बाहेर काढल्याशिवाय 'हॅबिट' लिहिणं चुकीचं आहे. टेस्ट ड्राइव्हवरून क्लच स्लिप होतोय एवढंच कळतं, का होतोय हे कळत नाही. तुमचा क्लच उघडलाय का अजून? नसेल तर उघडताना तुम्ही तिथे उभ्या राहा किंवा व्हिडिओ मागा आणि जुने पार्ट फेकू देऊ नका.

बघायचं काय ते सांगतो. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, ज्यावर क्लचप्लेट दाबली जाते) निळे जांभळे डाग, बारीक भेगा, प्लेट जळून काळी असेल तर क्लच खूप तापलाय, म्हणजे हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबून चालवणं किंवा चढावर क्लचवर गाडी धरून ठेवणं असं झालेलं असू शकतं. प्लेट सगळीकडून सारखी झिजून रिवेटपर्यंत आली असेल आणि डाग नसतील तर ती सरळ झीज आहे. आणि प्लेट तेलाने भिजलेली असेल तर तुमचा काहीही दोष नाही, मागचं क्रँक सील किंवा गिअरबॉक्सचं सील लीक आहे, आणि गाडीची वॉरंटी चालू असेल तर ते वॉरंटीत बसतं. क्लचप्लेट स्वतः वॉरंटीत जवळपास कोणीच देत नाही, पण सील लीक झाल्यामुळे गेली असेल तर गोष्ट वेगळी होते.

नवले पूल ते हिंजवडी रोज रेंगत जाणाऱ्या गाडीचा क्लच चाळीस हजाराच्या आसपास जाणं मी भरपूर वेळा पाहिलंय. ते काही गाडी वाईट चालवल्याचं लक्षण नाही. आणि एस्टिमेटवर जीएसटी १८ टक्के आहे ना बघा, पूर्वी पार्टवर २८ लागायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ आहे. जुनं टेम्प्लेट वापरलं असेल तर फरक पडेल.

*

प्रतिसाद ३

जर्मनीत असते, इथे प्रायव्हेट लीजमध्ये उलट असतं, सर्व्हिस, टायर, टीयूव्हीची (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची) तपासणी सगळं आपल्याच खिशातून, मेंटेनन्स आणि झिजेचं पॅकेज वेगळं विकत घेतलं तरच ते भरतात. पण पॅकेज घेतलं की काय काय येतं ते करारातच छापलेलं असतं, त्यामुळे भांडण कमी होतं. तुम्हाला यादीच दिली नाही हे वाचून खरंच वाईट वाटलं.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लच अजून उघडलेला नव्हता! मी आजच वर्कशॉपला मेल केलाय की माझ्यासमोर उघडा, आणि सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारलं की न उघडता हॅबिट कसं लिहिलंत तर म्हणाले मॅडम सिस्टिममध्ये कारण निवडावंच लागतं, ड्रॉपडाउन आहे. म्हणजे त्या एका ड्रॉपडाउनवर माझे १७,८०० ठरणार होते.

ॲडमिनकडे ॲनेक्शर मागितलंय. अजून एक, हेल्पलाइनवाल्या मुलीने फोन ठेवता ठेवता विचारलं की पीयूसी आणि टायर तुम्ही बघता ना, तेव्हापासून डोक्यात आहे की अजून काय काय माझ्यावर आहे जे मला माहीतच नाही?

*

प्रतिसाद ४

मी गेल्या वर्षी लीजची गाडी परत केली, ताज्या अनुभवावरून सांगते. पीयूसी आपणच बघायचं. नवीन गाडीला पहिलं एक वर्ष लागत नाही, मग बीएस ६ ला दर वर्षी. नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि चालान येतं आरसीवरच्या मालकाला, म्हणजे लीजिंग कंपनीला, ते त्यावर स्वतःचे प्रोसेसिंगचे पैसे लावून आपल्याकडून घेतात. स्पीडचं चालानही तसंच, एसएमएस आपल्याला येतच नाही. महाट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून महिन्यातून एकदा बघत जा, मला परत करताना एकदम सात चालानं दिसली होती.

टायरमध्ये हवा, कूलंटची पातळी, डॅशबोर्डवर लाइट लागला की लगेच कळवणं, हे चालवणाऱ्यावर असतं, सगळीकडे. पंक्चर बहुतेक ठिकाणी आपलंच. ओळखीच्या गॅरेजला काहीही करून घेऊ नका, साधं वायरिंग कापून कॅमेरा बसवला तरी पुढे इलेक्ट्रिकलचं काही निघालं की बोट तिकडेच दाखवतात.

इन्शुरन्स त्यांच्या नावावर असतो त्यामुळे क्लेमवर त्यांचा सही शिक्का लागतो, त्यात चार दिवस जातात, आणि क्लेम न करता वर्षं काढली तरी नो क्लेम बोनस आपल्या नावावर जमा होत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन नसेल तर ते बिल कोणीच भरत नाही. सिंहगड रोडला राहता म्हणून मुद्दाम सांगतेय, एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा माझ्या मावसभावाचं हेच झालं.

परत करताना दोन्ही चाव्या, सर्व्हिस रेकॉर्ड आणि टायर बघतात. कायद्याने ट्रेड १.६ मिमीच्या खाली चालत नाही, पण करारात जास्तही मागितलेली असू शकते, तेही ॲनेक्शरमध्येच बघा.

*

धागाकर्ती

अपडेट देते. काल क्लच माझ्यासमोर उतरवला. तेल नाही, निळे डाग नाहीत, प्लेट सगळीकडून सारखी झिजलीय आणि रिवेट दिसायला लागलेत. फोटो काढले, व्हिडिओ काढला, ॲडव्हायझरने जॉब कार्डवर 'हॅबिट' खोडून 'नॉर्मल वेअर' केलं आणि त्यावर सही दिली. माणूस चांगला आहे, त्याने लपवाछपवी केली नाही.

आणि ॲनेक्शर मिळालं. तीन पानी. क्लच त्यात आहे!! पण ओळ अशी आहे की 'क्लच असेंब्ली, करार काळात एकदा, ४०,००० किमीनंतर'. माझी गाडी ३८,६०० वर आहे. १,४०० किमी कमी पडले. सर्व्हिस उशिरा झाली तर क्लचचं कव्हर जातं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, उलट १,५०० किमी मागेपुढे चालेल असं शेड्यूल्ड सर्व्हिसच्या खाली स्पष्ट आहे, म्हणजे त्यांनी मेलमध्ये दिलेलं दुसरं कारणही टिकत नाही. घरी सगळे म्हणतायत की जुनाच क्लच परत बसव आणि १,४०० किमी चालव, मग क्लेम कर. जमेल का हे?

*

प्रतिसाद २

अजिबात करू नका. रिवेट दिसतायत म्हणजे ते आता फ्लायव्हील कोरणार, मग फ्लायव्हीलचा खर्च वेगळा आणि तेव्हा मात्र 'माहीत असून चालवली' म्हणून तो खरोखर तुमच्यावर येईल. शिवाय गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी. हायवेवर मागे ट्रक असताना क्लच स्लिप झाला तर काय होतं ते तुम्ही घाटात पाहिलंयच.

*

प्रतिसाद १

ॲडमिनला सांगा कमर्शियल अप्रूव्हल मागायला, म्हणजे अटीत थोडं बसत नसलं तरी खास बाब म्हणून मंजुरी. १,४०० किमीसाठी लीजिंग कंपनी मोठं कॉर्पोरेट अकाउंट दुखावत नाही, फक्त ते मागणं तुमच्या कंपनीच्या मेल आयडीवरून आणि कराराच्या कलमाचा उल्लेख करून गेलं पाहिजे. फोटो आणि सुधारलेलं जॉब कार्ड सोबत जोडा. आणि तोवर रिप्लेसमेंट गाडी मिळते का ते त्याच ॲनेक्शरमध्ये बघा, गाडी ठराविक तासांपेक्षा जास्त वर्कशॉपला राहिली तर बऱ्याच करारांत ती असते.

*

धागाकर्ती

आहे! दुसऱ्या पानावर, ४८ तासांनंतर. गाडी सहा दिवस तिथे पडून आहे आणि मी कंपनीच्या बसने जातेय. ॲडमिनच्या सरांनी आज दुपारी मेल पाठवला, दोन्ही गोष्टी मागितल्यात. त्यांनी हेही सांगितलं की आमच्या ऑफिसात आणखी चाळीसेक जणांची गाडी याच लीजवर आहे आणि ॲनेक्शर मागणारी मी पहिलीच. ते तीन पानं आता सगळ्यांना पाठवणार आहेत. उत्तर आलं की इथेच लिहिते.