शब्दचर्चा: मेटाडेटा रजिस्ट्रीत डेटा 'क्लासिफाय' करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

परळवाली:
मंडळी, एक शब्द अडलाय. ऑफिसात एका सरकारी प्रोजेक्टचं मॅन्युअल मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि त्यात अख्खं एक प्रकरण आहे मेटाडेटा रजिस्ट्रीतल्या क्लासिफिकेशनवर. मी 'वर्गीकरण' लिहिलं, तर साहेब म्हणतात हे म्हणजे कुठला डेटा गोपनीय आणि कुठला खुला ते ठरवणं, तसं स्पष्ट लिही. बाजूच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो नाही हो मॅडम, हे स्त्री-पुरुष, शहरी-ग्रामीण असे रकाने पाडणं. मजकूर वाचून मला दोन्ही पटत नाहीये. या लाइनीतलं कोणी आहे का इथे? शब्द नंतर बघू, आधी अर्थ सांगा.

मुलुंडचा_बंड्या:
गट पाडणे. अजून काय असणारे त्यात.

शिवडीकर:
बंड्या, गट कशाचे पाडायचे ते सांग ना, सगळी गोची तिथेच आहे. परळवाली, याच कामात आहे म्हणून जरा लांबड लावतो, वैतागू नका. रजिस्ट्रीत खरा डेटा नसतोच मुळी. अमुक माणूस, त्याची जन्मतारीख, त्याचा पत्ता हे सगळं ज्या त्या खात्याच्या सिस्टिममध्ये पडलेलं असतं. रजिस्ट्रीत असते त्या डेटाविषयीची माहिती, तोच मेटाडेटा, म्हणजे 'व्यक्तीची जन्मतारीख' अशी एक गोष्ट आपण गोळा करतो, तिची व्याख्या ही, ती लिहायची अशी, आणि तिला जबाबदार हे खातं. याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे आयएसओ/आयईसी १११७९. त्याच्या चौथ्या भागात व्याख्या कशी लिहावी, पाचव्यात नाव कसं द्यावं, सहाव्यात नोंदणी कशी करावी, आणि दुसरा अख्खा भाग तुमच्या या क्लासिफिकेशनवर.

तर क्लासिफाय करायचं ते या नोंदींना. आधीच ठरलेली एखादी वर्गीकरणाची पद्धत घ्यायची आणि 'व्यक्तीची जन्मतारीख' ही नोंद त्यातल्या 'लोकसंख्या' या घटकाला जोडून ठेवायची. माणसांना कोणी हात लावत नाही. तुमच्या शेजारच्या मुलाचे रकाने ही वेगळीच चीज आहे. आयएसओ ५२१८ या दुसऱ्या स्टँडर्डमध्ये ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही असे कोड आहेत, ती झाली चालणाऱ्या किमतींची यादी, आमच्या भाषेत व्हॅल्यू डोमेन. ती यादीसुद्धा रजिस्ट्रीत एक नोंद म्हणूनच बसते आणि मग तिलाही क्लासिफाय करता येतं, इथे बहुतेक लोकांची गल्लत होते.

साहेबांचं म्हणणं मात्र अगदीच फेकून देऊ नका. गोपनीयतेच्या पायऱ्या हीसुद्धा एक पद्धत म्हणून लावता येते. फक्त ती अनेकांतली एक, आणि या प्रकरणाचा विषय ती नाही.

मुलुंडचा_बंड्या:
पण मग सर्च मारला की सापडतंय की. जोडाजोडी कशाला करायची?

शिवडीकर:
तुझा वॉर्ड कुठला?

मुलुंडचा_बंड्या:
टी

शिवडीकर:
हा झाला मुंबई महापालिकेचा प्रशासकीय वॉर्ड, अक्षरांचा. नगरसेवक निवडून देतो तो वॉर्ड वेगळा, त्यांना नंबर असतात, २२७ आहेत. आता कचऱ्याच्या तक्रारींच्या टेबलात कॉलमचं नाव 'वॉर्ड' आणि मतदारांच्या टेबलातही 'वॉर्ड', तू सर्च मारलास की दोन्ही येणार आणि कोणीतरी घाईघाईत दोन टेबलं त्याच कॉलमवर जोडायला जाणार, मग बसा बोंबलत. एक नोंद 'प्रशासकीय विभाग' खाली आणि दुसरी 'निवडणूक' खाली लावलेली असेल तर निदान डोळ्याला दिसतं की ही जुळी नाहीत.

याच्या उलटही होतं. नावं वेगळी, गोष्ट तीच. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत जमिनीला सी.एस. नंबर म्हणतात आणि उपनगरात गेलात की सी.टी.एस. नंबर. एक टाइप केलात तर दुसरा सर्चमध्ये येईलच असं नाही. पण दोन्ही नोंदी 'मिळकत' खालच्या 'भूमापन क्रमांक' या घटकाला जोडलेल्या असल्या तर शेजारीशेजारी दिसतात, आणि नवीन प्रोजेक्टवाला तिसरं नाव काढून तीच गोष्ट परत बनवत नाही. सरकारी कामात निम्मा वेळ यातच जातो असं माझं वैयक्तिक मत.

लिंबूटिंबू_गोरेगाव:
एकच नोंद दोन ठिकाणी लावली तर चालते का? आमच्याकडे एक सिनियर म्हणतात एका नोंदीला एकच घर.

शिवडीकर:
चालते. पाहिजे तेवढ्या पद्धतींत लावा. लग्नाची यादी करताना नाही का, एकच मामा 'मुलीकडचे' मध्ये असतो, 'नाशिकहून येणारे' मध्ये असतो आणि 'साखर न चालणारे' मध्येही असतो, म्हणून मामा तीन होत नाहीत. जन्मतारखेची नोंद विषयाप्रमाणे 'लोकसंख्या' खाली, कुठल्या खात्याची त्याप्रमाणे 'आरोग्य' खाली, आणि गोपनीयतेप्रमाणे 'वैयक्तिक' खाली. आणि पद्धत म्हणजे झाडासारखीच असावी असंही नाही हां. नुसती कीवर्डची यादी चालते, थिसॉरस (समानार्थी आणि जवळचे शब्द एकमेकांना जोडलेली यादी) चालतो, वरपासून खालपर्यंत फांद्या असलेली टॅक्सॉनॉमी चालते, ऑन्टॉलॉजी, म्हणजे कल्पना आणि त्यांच्यातली नाती मांडलेला आराखडा, तीही चालते.

ग्रंथपाल_निवृत्त:
वा, आमच्या विषयावर आलात. तुमच्या त्या सिनियरांची सवय ग्रंथालयातली दिसते. पुस्तक एक वस्तू आहे, ते एकाच फळीवर उभं राहणार, म्हणून आम्हाला एकच वर्गांक (विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला नंबर) देऊन मोकळं व्हावं लागतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन) काढलं ते या अडचणीवर मोठं उत्तर होतं. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ या पाच अंगांनी विषय सोडवायचा आणि मग अंगं जोडून वर्गांक बांधायचा. तरी शेवटी पुस्तक एकाच जागी! तुमच्या रजिस्ट्रीला फळी नाही, म्हणून ही चैन परवडते.

परळवालीताईंसाठी एक. वर्गीकरणाची पद्धत तयार करणं आणि एखादी नोंद त्या पद्धतीत बसवणं या दोन क्रिया आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द ढकलतात. मॅन्युअलमध्ये पहिलीला 'वर्गीकरण पद्धत' आणि दुसरीला क्रियापद ठेवा, 'अमुक घटकाला जोडणे'. आणि कृपा करून 'वर्गीकरण योजना' लिहू नका.

परळवाली:
काका तेच लिहिलं होतं पहिल्या ड्राफ्टमध्ये 😀 साहेबांनी विचारलं ही योजना कधी जाहीर झाली आणि लाभार्थी कोण.

मुलुंडचा_बंड्या:
मेलो 😂 बरं आता सिरियसली विचारतो, जोडायचं ते कॉलमला ना?

शिवडीकर:
फक्त कॉलमला नाही, आणि हा प्रश्न चांगला काढलास. गाडीच्या नंबरप्लेटवर महाराष्ट्र म्हणजे 'एमएच', जीएसटी नंबरच्या सुरुवातीला तोच महाराष्ट्र '२७', जनगणनेचा राज्याचा कोड. लिहायच्या याद्या दोन, पण मागची कल्पना एकच, 'भारतातली राज्यं'. स्टँडर्डमध्ये या मागच्या कल्पनेलाही वेगळी नोंद असते, संकल्पना पातळीवरची. शिवाय वस्तूचा प्रकार (वाहन, व्यापारी, व्यक्ती), त्याचा गुणधर्म (नोंदणीचं राज्य), या दोघांची जोडी, आणि सगळ्यात शेवटी खरा डेटा एलिमेंट, म्हणजे तू ज्याला कॉलम म्हणतोस त्याच्या जवळचा. यातलं काहीही क्लासिफाय करता येतं. माझा अनुभव असा की वरच्या पातळीवर जोडलं तर काम कमी करावं लागतं. 'भारतातली राज्यं' ही कल्पना एकदा 'भूगोल' खाली लावली की तिच्यावरून निघालेल्या दोन्ही याद्या तिच्यामागून सापडतात, प्रत्येक कॉलमला वेगळं चिकटवत बसायला नको. पण लोक खालून सुरुवात करतात कारण हातात कॉलमच असतात.

लिंबूटिंबू_गोरेगाव:
आणि पद्धतच बदलली तर? उद्योगांचं ते राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, एनआयसी २००४ होतं मग २००८ आलं.

शिवडीकर:
म्हणून नुसतं 'एनआयसीप्रमाणे' लिहायचं नाही, साल लिहायचं. २००४ चा कोड २००८ मध्ये तसाच असेल याची खात्री नाही, अंक तेच आणि अर्थ वेगळा असं होऊ शकतं. पद्धतीची स्वतःची नोंद आवृत्तीसकट ठेवायची आणि जुने जोड पुसून न टाकता त्याच आवृत्तीला राहू द्यायचे.

परळवाली:
ओके, मग असं लिहिते: "वर्गीकरण म्हणजे रजिस्ट्रीतील नोंद एक किंवा अनेक वर्गीकरण पद्धतींमधील घटकांना जोडणे. यात प्रत्यक्ष डेटाचे गट पडत नाहीत." खाली तक्त्यात रकाने: नोंदीचं नाव, नोंदीचा प्रकार, पद्धत, आवृत्ती, घटक. गोपनीयतेला त्या 'पद्धत' रकान्यातलं पहिलं उदाहरण करते, साहेब खूश. चालेल?

ग्रंथपाल_निवृत्त:
चालेल. 'जोडणे' नंतर 'व तशी नोंद ठेवणे' घाला, नाहीतर लोक तोंडी जोडतील.