जुना अर्थ म्हणजेच खरा अर्थ? 'हाउंड'वाल्या धाग्याला उत्तर

पाटीपेन्सिल: काल इथे कुणी लिहिलं की 'हाउंड'चा खरा अर्थ नुसता कुत्रा, तो शिकारी कुत्र्यापुरता वापरणारे अडाणी. शिवाय म्हणे 'डॉग' जोडलेले सगळे इंग्रजी शब्द कुत्र्याचा अपमान करतात. वाचून इतकी चिडले की सविस्तर लिहितेच.

जुन्या इंग्रजीत 'हुंड' म्हणजे कुठलाही कुत्रा, हे बरोबर. जर्मनमध्ये आजही तसंच आहे. 'डॉग'चं जुनं रूप तेव्हा क्वचित सापडतं. पण सोळाव्या शतकापर्यंत त्यानेच घर बळकावलं आणि 'हाउंड' शिकारीपुरता उरला. एवढी शतकं लोक ज्या अर्थाने बोलले, तो खोटा कसा? मग 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न आणि 'गर्ल' म्हणजे मुलगा किंवा मुलगी असंच शिकवायचं का?

आता अपमान. 'डॉग व्हायोलेट' या रानफुलाला वास नाही, म्हणून ते हलकं, मान्य. पण 'डॉग डेज'मधला कुत्रा आकाशातला आहे. आपण ज्याला व्याध म्हणतो तो तारा त्यांच्याकडे कुत्र्याचा. तो पहाटे सूर्याच्या आधी दिसू लागे ते कडक उन्हाळ्याचे दिवस. 'डॉगकार्ट' ही घोडागाडी; बैठकीखाली शिकारी कुत्र्यांसाठी खोका असे. यात अपमान कुठे आहे?

जुनीवही: ते मीच लिहिलं होतं. 'अडाणी' मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. 'शत' आणि 'हंड्रेड' एकाच मुळाचे, तसेच 'श्वन्' आणि 'हाउंड'. आपला 'श' तिकडे 'ह'. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंही ताठ बसतात. तुमच्या 'चालतंय ते खरं'मध्ये हे कुठून सापडणार?

सह्याद्री_७७: म्हणजे शेवटी सगळं संस्कृतातूनच गेलं ना! हेच मी वर्षानुवर्षं सांगतोय.

जुनीवही: नाही हो! चुलत भावंडं म्हणालो, मायलेकरं नाही. प्रत्येक धाग्यात हेच आणता, अक्षरशः वीट आलाय.

रानवाट: 'डिअर'चं काय? जुन्या इंग्रजीत ते कुठलंही जनावर. आपला मृगही तसाच, ऋग्वेदात मृग म्हणजे रानातलं जनावर. सहावीत मी 'मृगेंद्र म्हणजे हरणांचा राजा' असं लिहिलं. बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, सगळे हसले. चूक काय ते कुणी सांगितलं नाही. जुना अर्थ तेव्हा कळला असता तर ती लाज वाट्याला आली नसती. म्हणून मी जुनीवहींच्या बाजूने.

पाटीपेन्सिल: वाईट वाटलं वाचून. पण त्यात दोष शिकवणाऱ्याचा. आज 'मृग' म्हटलं की हरीणच डोळ्यांसमोर येतं.

रानवाट: तुमच्या शहरात येत असेल. आमच्याकडे मृग म्हटलं की पाऊस! जूनमध्ये नक्षत्र लागलं की आबा बियाणं काढतात. आणि शाखामृग म्हणजे माकड, मृगया म्हणजे शिकार, मग ती डुकराची असो. जुना अर्थ मेला कुठे?

पाटीपेन्सिल: समासात टिकला, सुटा नाही! दोन्हींत फरक आहे, तो मुद्दाम पुसू नका.

बर्लिनकर: मी मधे पडतो. इथे 'टिअरपार्क' म्हणजे प्राणिसंग्रहालय. 'टिअर' आणि 'डिअर' सख्खे. पहिल्या रविवारी लेकीला हरणं दाखवतो म्हणून नेलं आणि हत्ती बघून ती हरखली. मला मात्र नातं उलगडलं ते घरी येऊन कोश उघडल्यावर.

जुनीवही: बघा! मूळ कामाला आलं.

पाटीपेन्सिल: कोडं सोडवायला आलं, बोलायला नाही. बरं, समासाचं मानते; 'स्वीटमीट'मध्येही 'मीट' अजून खाऊच आहे, मांस नाही. पण सुट्या 'हाउंड'वर मी तसूभर हलणार नाही.

रानवाट: आणि कुत्र्याची छत्री? पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती. त्यात तरी कुत्र्याचा मान की अपमान, ते सांगा.