पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी डिस्कवर पैसे घालावेत का?

अंत्रुजकर (फोंडा)

नमस्कार. फोंड्यात वापरलेल्या गेम-डिस्कच्या खरेदी-विक्रीचे माझे लहानसे दुकान आहे. चित्रपटांच्या डीव्हीडींपासून सुरुवात केली होती. आज जवळजवळ सगळा व्यवहार सोनीच्या प्लेस्टेशन ४ आणि ५ या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या) डिस्कवर चालतो. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस हा माझा खरा हंगाम. मुंबई-पुण्याची आणि आखातातली भावंडे गावच्या घरी जमतात, आणि ज्या वाड्यावर मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावे लागते, तिथे शंभर जीबीचा गेम डाउनलोड करत बसण्यापेक्षा माझ्याकडून डिस्क न्यावी आणि गणपती पोचवल्यावर थोड्या कमी भावाने मलाच परत विकावी, हे सर्वांना सोयीचे पडते.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र दुकानात येऊन नुसत्याच डिस्क चाळणारी आणि शेवटी ‘आमच्या कन्सोलला डिस्क घालायला फटच नाही’ असे सांगून जाणारी मुले वाढली आहेत. या पावसाळ्यानंतर दुकान नव्याने मांडायचे आहे. त्यासाठी जुन्या डिस्कचा एक मोठा साठा विकत घेण्याची संधी आली आहे आणि गिऱ्हाइकाला गेम चालवून दाखवण्यासाठी दोन टीव्ही घ्यायचे आहेत. पुढच्या कन्सोलमध्ये डिस्क राहील का, राहिल्यास कोणती, आणि टीव्ही निवडताना नेमके काय पाहावे, हे यंत्राच्या आतले जाणणाऱ्यांकडून समजून घ्यावे म्हणून लिहीत आहे. कोणता कन्सोल श्रेष्ठ, हा वाद कृपया इथे नको.

निळाकिरण (पणजी)

अंत्रुजकरबाब, आपण डिस्क कोणती ते विचारता. मी आधी डिस्क वाचणारा ड्राइव्ह कन्सोलच्या खोक्यातच मिळतो की वेगळा विकत घ्यावा लागतो ते पाहीन. असे का म्हणतो, ते सांगण्यासाठी २००६ सालाकडे जावे लागेल.

त्या वर्षी डीव्हीडीची जागा घेण्यासाठी ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन डिस्क समोरासमोर उभ्या होत्या. दोन्हींसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेझर वापरला जाई. साध्या डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक असेल तितकी माहिती दाटीने लिहिता येते, इथपर्यंत दोघांचे एकमत होते. पुढे वाटा फुटल्या. ब्लू-रेने माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला आणि किरण अधिक एकवटणारे भिंग वापरून एका थरात २५ जीबी बसवले. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरचे अंतर कायम ठेवले, त्यामुळे तिच्या एका थरात १५ जीबीच मावले. पण डीव्हीडीचे जुने कारखाने थोड्या फेरफाराने वापरता येत होते. कारखानदाराच्या नजरेने पाहिल्यास एचडी डीव्हीडी अधिक व्यवहारी होती, आणि तरीही ती हरली.

ती का हरली, हा आपल्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. सोनीने ब्लू-रेचा ड्राइव्ह प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्येच बसवला. त्याची किंमत त्यांना चांगलीच मोजावी लागली: अमेरिकेत ६० जीबीचा कन्सोल ५९९ डॉलरला विकावा लागला, आणि निळ्या लेझर डायोडच्या तुटवड्यामुळे युरोपातली विक्री मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचे गेम साध्या डीव्हीडीवरच ठेवले आणि एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह १९९ डॉलरला वेगळा विकला. त्यावर चित्रपट तेवढे पाहता येत, गेम नाहीत. परिणाम असा झाला की ज्याने गेम खेळण्यासाठी प्लेस्टेशन घेतला त्याच्या घरी ब्लू-रे न मागता येऊन बसली, आणि एचडी डीव्हीडी ज्याला मुद्दाम हवी होती त्याच्याच घरी गेली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी एचडी डीव्हीडीमागच्या तोशिबाने ती गुंडाळल्याचे जाहीर केले.

आता आजचे चित्र पाहावे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ड्राइव्हसह ४९,९९० रुपये आणि ड्राइव्हशिवाय ३९,९९० रुपये अशा दोन किमती होत्या. नोव्हेंबर २०२३ च्या सडपातळ आवृत्तीत ड्राइव्ह काढता-घालता येऊ लागला, आणि नोव्हेंबर २०२४ च्या प्रो आवृत्तीच्या खोक्यात तर तो मिळतच नाही. ज्या सोनीने ड्राइव्ह आत बसवून लढाई जिंकली, तीच आज त्याला जोडवस्तू करत आहे! माझा अंदाज असा की पुढच्या पिढीत डिस्क चालेल, पण वेगळ्या ड्राइव्हवर, आणि डिस्क असेल ती आजचीच, म्हणजे ६६ किंवा १०० जीबीची अल्ट्रा एचडी ब्लू-रे. चित्रपट पाहणारा ग्राहक स्ट्रीमिंगकडे गेल्यामुळे केवळ गेमसाठी नवी डिस्क घडवण्याचा खर्च कोणी उचलील असे मला वाटत नाही.

साठ्याविषयी एक सावधगिरी. डीव्हीडीवरचे ओरखडे घासून काढण्याचे यंत्र आपल्याकडे असेल तर ते ब्लू-रेवर चालवू नये. डीव्हीडीत माहितीच्या आधी ०.६ मिलिमीटर प्लास्टिक असते, त्यातले थोडे घासले गेले तरी बिघडत नाही. ब्लू-रेत मुळात ०.१ मिलिमीटरच आहे, आणि तिचे रक्षण करणारे कठीण लेपनच आपण घासून टाकतो. म्हणून ओरखडा असलेली ब्लू-रे दुरुस्त करू या हिशेबाने स्वस्तात घेऊ नये. प्लेस्टेशन ४ च्या डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये बहुतेक सर्व चालतात, त्यामुळे तो साठा अजून काही वर्षे जिवंत आहे. प्लेस्टेशन ३ च्या डिस्क चालत नाहीत. त्या संग्राहकांपुरत्याच घ्याव्यात.

शून्यएक (मडगाव)

इतिहास बरोबर आहे, पण त्यातून डिस्कचे आयुष्य जरा लांबवून मोजले जात आहे असे मला वाटते. प्लेस्टेशन ३ च्या काळात डिस्क खरोखरच गेमचे पोट होती. २०१० साली ‘फायनल फँटसी १३’ प्लेस्टेशनवर एका ब्लू-रेवर आला आणि एक्सबॉक्स ३६० वर तोच तीन डीव्हीडींवर द्यावा लागला. तेव्हा डिस्कच्या निवडीने गेमच्या मांडणीत फरक पडत असे. तरीही त्या ब्लू-रे ड्राइव्हचा वेग सेकंदाला ९ एमबी इतकाच होता, म्हणून कित्येक गेम आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे लागत.

आज प्लेस्टेशन ५ ची एसएसडी (आतली वेगवान साठवण) सेकंदाला ५.५ जीबी वाचते. कोणताही लेझर या वेगाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासच पोचतो. त्यामुळे डिस्कवरून गेम खेळलाच जात नाही. तो एसएसडीवर उतरतो आणि डिस्क पुढे मालकीची पावती म्हणून ड्राइव्हमध्ये बसून राहते. पावतीसाठी एवढे भिंग, मोटर आणि लेझर कशाला, हा प्रश्न कंपन्यांनी स्वतःला विचारला आहे. निन्टेन्डोने २०१७ मध्येच स्विच या कन्सोलसाठी डिस्क सोडून कार्ड घेतले, आणि २०२५ च्या स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ काढले, ज्यात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. पहिल्या वेळी गेम डाउनलोड करावा लागतो आणि नंतर खेळताना कार्ड आत असावे लागते. ते परत विकता येते, त्यामुळे आपल्या दुकानात ते चालेल. पण रेंज नसलेल्या वाड्यावर त्याचा उपयोग नाही. खोक्यात नुसता डाउनलोडचा कोड असेल तर मात्र तो एकदा वापरला की संपला. असले खोके फडताळात ठेवूच नये.

टीव्हीबद्दल. पाटीवरच्या ‘एचडीएमआय २.१’ (कन्सोल आणि टीव्ही यांच्यातली जोडणी) या अक्षरांवर जाऊ नये, कारण त्या नावाखालच्या पुष्कळ सोयी ऐच्छिक आहेत आणि त्या नसल्या तरी नाव लावता येते. पडदा स्वतः १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे दाखवणारा आहे का, ४के चित्र त्या वेगाने कोणत्या जोडणीवर घेतो आणि व्हीआरआर (पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवण्याची सोय) आहे का, एवढे विचारावे. जुन्या एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, तीवर ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत जाते, २.१ ची पूर्ण क्षमता ४८ गिगाबिट. पुष्कळ टीव्हींवर अशा पूर्ण क्षमतेच्या जोडण्या दोनच असतात, आणि त्यातलीच एक साउंडबारसाठी लागते. दुकानात दोन कन्सोल एकाच टीव्हीला लावायचे असतील तर हे आधी मोजून घ्यावे.

मात्र दोन्ही टीव्ही महाग घेण्याची गरज नाही. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि ४केवर सुमारे ८३ लाख. एवढे सगळे ठिपके दर फ्रेमला खरोखर रंगवणारे गेम थोडेच आहेत, बाकीचे कमी ठिपक्यांवर चित्र काढून ते हुशारीने वाढवतात. आठवण म्हणून सांगतो, निन्टेन्डोच्या ज्या वी कन्सोलला ४८०पीच्या (१०८०पीहून बऱ्याच कमी ठिपक्यांच्या) पुढे जाता येत नव्हते, त्याची विक्री दहा कोटींवर गेली आणि त्याच पिढीतले दोन्ही एचडी कन्सोल त्याच्या मागे राहिले. एक टीव्ही १२० हर्ट्झचा आणि एक साधा ४के, इतके पुरे.

दर्यावर्दी (वास्को)

मी मालवाहू बोटीवर काम करतो आणि सहा-सहा महिने केबिनमध्ये कन्सोल हीच करमणूक असते. बोटीवर इंटरनेट आहे, पण ते घरच्यांशी बोलण्यापुरते. शंभर जीबी त्यातून उतरवणे म्हणजे घागरीने दर्या उपसणे. गावाकडे २० मेगाबिटची जोडणी धरली तरी शंभर जीबीला अकरा तास लागतात, तेही वीज न जाता. म्हणून शून्यएक यांची ‘पावती’ मला पटत नाही. ज्या डिस्कवर पूर्ण गेम आहे ती माझ्यासाठी अजूनही गेमच आहे.

दोन गोष्टी अनुभवाच्या. सडपातळ प्लेस्टेशन ५ चा वेगळा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतेच. एका सहकाऱ्याने तो बंदरातून निघताना घेतला, बोट सुटल्यावर खोके उघडले, आणि पुढचे बंदर येईपर्यंत ड्राइव्ह उशाशी ठेवून झोपला. आपण ड्राइव्ह विकणार असाल तर तो दुकानातच जोडून द्यावा.

दुसरी गोष्ट आखातातून येणाऱ्या कन्सोलची. गेमच्या डिस्कला प्लेस्टेशन ५ वर प्रदेशाचे कुलूप नाही, पण नंतर विकत घेतलेली जादा सामग्री खात्याच्या देशाशी बांधलेली असते. दुबईच्या डिस्कवर भारतीय खात्यातून घेतलेला जादा भाग चालेलच असे नाही. ब्लू-रे चित्रपटांचे आणखी निराळे: आखात ‘बी’ प्रदेशात आणि भारत ‘सी’ प्रदेशात येतो. ४केच्या अल्ट्रा एचडी डिस्कला ही भानगड नाही. डिस्कवर कोणत्या देशाची आवृत्ती आहे ते लिहून ठेवल्यास चवथीनंतरची भांडणे वाचतील.

आगोटकर (वाळपई)

माहिती सर्वांनी दिली, पावसाचे कोणी बोलले नाही. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात. डिस्कच्या प्लास्टिकला फारसे काही होत नाही, पण खोक्यातल्या कागदाला बुरशी धरते आणि ती डिस्कच्या पृष्ठभागावर उतरते. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल नाही. आडवा बारीक चरा ड्राइव्ह सांभाळून घेतो, माहितीच्या ओळीच्या दिशेने गेलेला चरा त्याला झेपत नाही. किनाऱ्यालगतच्या घरांतली कार्डे घ्याल तेव्हा त्यांचे सोनेरी दात काळवंडलेले नाहीत ना, ते पाहावे. खाऱ्या हवेत कार्डही अमर नसते. मी डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांचे आभार. मोठा साठा सरसकट घेण्याऐवजी प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या, एकही खोल ओरखडा नसलेल्या डिस्क निवडून घेण्याचे ठरवले आहे. घासणीचे यंत्र डीव्हीडीवाल्या जुन्या गिऱ्हाइकांपुरते ठेवतो. टीव्ही शून्यएक यांनी सांगितल्याप्रमाणे एक-एक घेईन, आणि वेगळे ड्राइव्ह दोनच मागवून ते दुकानात जोडून देईन.

दर्यावर्दी यांच्या लिखाणावरून मी कालपासून एक काम सुरू केले आहे. दुकानातल्या कन्सोलचे इंटरनेट बंद करायचे, डिस्क घालून गेम उतरवायचा, आणि तो तसाच सुरू होतो का ते पाहायचे. सुरू झाला तर खोक्यावर ‘पूर्ण’, नाही तर ‘नेट लागेल’ अशी पट्टी, आणि तिच्याखाली आवृत्तीचा देश. एकेका डिस्कला पाऊण तासापर्यंत वेळ जातो, त्यामुळे पहिली फळी संपायलाच आठवडा लागेल. अट्टहासाने ‘पूर्ण’ म्हणून घेतलेल्या दोन नामांकित गेमवर काल ‘नेट लागेल’ची पट्टी लावावी लागली, आणि त्यांचा भाव मी तिथेच खाली आणला.

आगोटकर, त्या सिलिका जेलच्या पुड्या आपण किती दिवसांनी बदलता, की तव्यावर भाजून पुन्हा वापरता?