हार्पर्स फेरी एवढं छोटं काहून राहिलं?

वढासंगम: भाऊ, आमचं गाव वढा, वर्धा-पैनगंगेचा संगम गावाले लागूनच. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी पण असंच पोटोमॅक अन् शेनंडोआच्या संगमावर आहे. तिथे सरकारी बंदुकीचा कारखाना होता, रेल्वे होती, मग आज वस्ती तीनशेच्या आसपासच काहून?

काटोलवाला: जागाच अडचणीची आहे ना. चारीकडून डोंगर अन् मधात नद्या. पाण्याच्या जोरावर यंत्रं चालतीन म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टननं ती जागा निवडली, पण १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर अन् दक्षिण राज्यांत यादवी युद्ध लागलं अन् तिथून निघताना सरकारी सैनिकांनीच कारखान्याले आग लावून देली, मग युद्धात गाव आठ वेळा या बाजूचं त्या बाजूले गेलं. वरून १८७० चा पूर, १९३६ चा पूर, खालची वस्ती कशी टिकणार!

यवतमाळचे गुरुजी: १८५९ राहिलं बाप्पा! ऑक्टोबरात गुलामगिरीच्या विरोधातला जॉन ब्राउन २१ साथीदार घेऊन शस्त्रागारात घुसला, गुलामांले हत्यारं देऊन उठाव करायचा होता त्याले. दोन दिवसात पकडला, डिसेंबरात फाशी. मले तं त्या गावाचं मोठेपण यातच वाटते, वस्ती किती हे नंतर.

वढासंगम: गुरुजी, हे पोरांले सांगतोच. जुना भाग आता पाहाले भेटते का?

काटोलवाला: हो, बराचसा राष्ट्रीय उद्यानात जपला आहे.