सिलेक्टिव्ह म्युटिझमसाठी व्हीआरचा सराव: कुणी मुलांना दिलाय का?

मृण्मयी_के
नमस्कार. लेक सात वर्षांची, दुसरीत, पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरी तोंडाची टकळी अखंड चालू, आजीला दटावते सुद्धा. शाळेचं फाटक ओलांडलं की एक शब्द नाही. हजेरीला फक्त हात वर करते. शू लागली तरी मॅडमना सांगत नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवते. डॉक्टरांनी सिलेक्टिव्ह म्युटिझमचं निदान केलंय, कानांची तपासणी व्यवस्थित आहे. एका सेंटरने व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट डोळ्यांवर लावून सराव सुचवलाय. आभासी वर्गात आभासी बाई नाव विचारणार, तिनं उत्तर द्यायचं. पैसे सगळे आधी भरायचे आहेत. करावं का? नातेवाईक म्हणतात, "हट्टी आहे, एक फटका द्या." ऐकून जीव तुटतो.

स्वराली_ठाणे
मृण्मयीताई, यात हट्ट मुळीच नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत (२०१३) हा विकार चिंताविकारांतच धरलाय. मुलीला बोलायचं असतं, पण भीतीनं घसा आवळतो. फटक्यानं भीती वाढेल, दुसरं काही होणार नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, अशी मुलं माझ्याकडे येतात. व्हीआरमागचा विचार चुकीचा नाही. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, हाच या उपचारांचा गाभा आहे. हेडसेटमध्ये वर्गात किती मुलं असावीत, बाई किती जवळ याव्यात हे थेरपिस्टला ठरवता येतं आणि तोच प्रसंग हवा तितक्या वेळा करता येतो. सिंगापूरमध्ये शाळकरी मुलांवर अशी एक छोटी चाचणी झाली आहे. पण इतक्या थोड्या मुलांवरून कुणी खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नका. या मुलांचा आवाज माणसाला आणि जागेला बांधलेला असतो. आभासी बाईंना नाव सांगणारी मुलगी खऱ्या बाईंपुढे गप्प राहू शकते. म्हणून सेंटरचं कुणी शाळेत येणारच नसेल तर नुसत्या व्हीआरचं पॅकेज मी घेऊ देणार नाही.

निखिल_जे
वयाचंही बघा. मेटा क्वेस्ट हेडसेटसाठी कंपनीनेच किमान वय १० ठेवलंय, प्लेस्टेशन व्हीआरसाठी १२. भिंगं मोठ्यांच्या डोळ्यांतल्या अंतराच्या हिशोबानं बसवलेली असतात. लहान मुलांना चित्र धूसर दिसू शकतं, मळमळू शकतं. सेंटर कोणता हेडसेट वापरतं ते आधी विचारा.

ओवीची_आई
आमच्या ओवीचं अगदी असंच होतं. आम्ही व्हीआर केलं नाही, पण काय केलं ते सविस्तर लिहिते.

शाळा सुटल्यावर तिच्याच रिकाम्या वर्गात मी आणि ती सापशिडी खेळायचो, दार बंद करून. फासा पडला की आकडा मोठ्यानं म्हणायचा, एवढाच नियम. तिथे तिचा आवाज मोकळा झाल्यावर बाई बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत बसू लागल्या, दार किलकिलं ठेवून. मग दाराशी, मग मागच्या बाकावर. आमच्याकडे बघायचं नाही, कौतुक करायचं नाही, लाल पेन चालू ठेवायचं. बाई जवळ सरकल्या की ओवीचा आवाज कुजबुजीवर यायचा, तेव्हा आम्ही तिथेच थांबायचो. पुढे बाईंनीच फासा टाकला आणि ओवी त्यांना म्हणाली, "चार." नंतर मी हळूहळू बाहेर पडले.

घरी-दारी "बोल ना, काका विचारतायत" पूर्ण बंद करा. "निळा की पिवळा?" असं विचारा, मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा, तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. ती कुठे बोललीच तर "अगंबाई, बोलली!" असा गजर नको, साधं "सांगितलंस ते बरं झालं" पुरे. आणि शूसाठी एक कार्ड उद्याच द्या, ते नुसतं बाकावर ठेवलं की बाई पाठवतील. तेवढ्यासाठी तिला बोलावं लागता कामा नये.

मृण्मयी_के
ओवीची आई, वाचता वाचता डोळे भरून आले. वर्गशिक्षिका समजूतदार आहेत, सोमवारी भेटते. स्वरालीताई, सेंटरला नेमकं काय विचारू?

स्वराली_ठाणे
एक, हेडसेटमध्ये बोलायला लागली की पुढच्या आठवड्यात ती खऱ्या कुणाशी, कुठे बोलणार? याचं ठोस उत्तर हवं. दोन, शाळेत तुम्ही स्वतः याल का, निदान बाईंशी फोनवर बोलाल का? तीन, पैसे सत्रागणिक देता येतील का? "आधी बोलू दे, शाळेचं मग बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

व्हीआरमधली सोयीची गोष्ट तुम्ही घरीही करू शकता. परवानगी घेऊन रिकाम्या वर्गाचा व्हिडिओ काढा, तो टीव्हीवर लावून हजेरीचा खेळ खेळा, बाई तुम्ही व्हा. हेडसेटची गरज नाही.

पुण्यातली नावं व्यक्तिगत निरोपात पाठवते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असो की स्पीच थेरपिस्ट, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. खर्चाची अडचण असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.